पिल्लाची शू आणि पायपुसणं
ताई, तुमचं अडीच महिन्यांचं पॉमेरेनियन कुत्र्याचं पिल्लू पेपर सोडून पायपुसण्यावर शू करतं म्हणालात, तर आधी घरातली पायपुसणी न् चटया सगळ्या उचलून ठेवा, मऊ लागलं की पिल्लू तिथंच बसतं. आमची चिनू पण तशीच होती. एवढ्याशा जिवाला दोन-तीन तासांच्या वर धरवतच नाही हो, म्हणून झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच उचलून पेपरवर न्यायचं. चिनू आधी फरशी हुंगत गोल गोल फिरायची, ते दिसलं की समजायचं. झाल्याबरोबर तिथंच शेंगदाण्याएवढा पनीरचा तुकडा द्या, उशिरा दिला तर कशासाठी मिळाला ते त्याला कळत नाही. आणि चुकून दुसरीकडे शू केली तर त्यात त्याचं नाक घासू नका, कोणी काहीही सांगो, पिल्लू घाबरतं आणि मग पलंगाखाली लपून करायला लागतं. पुढे पेपर रोज थोडा थोडा दाराकडे सरकवा. बाहेर मात्र पार्वोच्या, म्हणजे पिल्लांच्या उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या आजाराच्या, लसीचे सगळे डोस झाल्यावरच, आणि जळगावच्या मे महिन्यात तर सकाळी सातच्या आत नाहीतर दिवेलागणीनंतर बऱ्याच वेळाने, रस्त्याला आपला तळहात लावून बघा, आपल्याला चटका बसला तर त्याचे पंजे भाजणारच.