शब्द हवा: 'टॅनिंग बेड'ला मराठीत काय म्हणावं?

शेंगाचटणी: एका आरोग्यपुस्तिकेचा अनुवाद करतेय. अतिनील दिव्यांच्या खाटेवर पडून गोरे लोक कातडी तांबूस करून घेतात, ती ही खाट. यंत्रानं भाषांतर दिलं 'कातडी कमावण्याची खाट'! सासूबाई म्हणाल्या, "जित्या माणसाची कातडी कमावतेत व्हय?" सोलापुरात मे महिन्यात आम्ही डोळे तेवढे उघडे ठेवून गाडी चालवणार. इथं हे पटवायचं तरी कसं?

तरवड: ताई, यंत्र अगदीच चुकलं नाही. इंग्रजी शब्द मुळात चामड्याचाच. ओकच्या सालीत कातडं मुरवलं की तपकिरी होतं, त्यावरून उन्हानं तपकिरी पडलेल्या माणसालाही तोच शब्द चिकटला. आपल्याकडे बाभळीची न् तरवडाची साल असायची. पण मराठीत माणूस शरीर कमावतो ते तालमीत. तुम्ही 'रापणे' घ्या. 'रापणखाट' कसं वाटतं?

हुरडा: मालवणचा माणूस त्यात मासे शोधेल. रापण म्हणजे तिकडे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं.

साखरपेठकरीण: माझं पार्लर आहे. गिऱ्हाईक 'राप काढून द्या' म्हणतं. 'राप चढवून द्या' म्हणणारं अजून एक आलं नाही.

तरवड: मॅडमनी नेमकं बोट ठेवलं. 'रापणे' अकर्मक आहे. शेतात राबणारा रापतो, त्याला कुणी विचारत नाही. इथं माणूस पैसे मोजून रापवून घेतो, म्हणून प्रयोजक 'रापवणे' लागेल. पहिल्यांदा 'त्वचा रापवण्याची खाट' लिहा, पुढं खुशाल 'टॅनिंग बेड'. (माझ्या लहानपणी अतिनीलला 'जंबुपार' म्हणत. जांभळाच्या पलीकडचे! गेला बिचारा शब्द.)

शेंगाचटणी: आता 'रेग्युलेशन'. सगळीकडे 'नियमन' टाकलंय, पण वाचताना पोकळ वाटतं.

तरवड: कारण प्रकार वेगळे आहेत. ब्राझीलनं २००९ मध्ये सौंदर्यासाठीचा वापर सरसकट थांबवला, ती 'बंदी'. इंग्लंड-वेल्समध्ये २०११ पासून १८ वर्षांखालच्यांना 'मनाई'. अमेरिकेत एफडीए या औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं २०१४ मध्ये यंत्राची जोखीम-श्रेणी वाढवली आणि १८ च्या आतल्यांनी वापरू नये हा इशारा यंत्रावर सक्तीचा केला, ते खरं 'नियमन'. तिथं २०१० पासून १० टक्के करही लागला. त्याला साधं 'कर' म्हणा.

हुरडा: एक विभक्ती सांभाळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००९ मध्ये ही यंत्रं कर्करोगकारक गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली, तंबाखूच्या पंगतीला. तिशीच्या आत वापर सुरू केला तर मेलॅनोमाचा (त्वचेच्या एका घातक कर्करोगाचा) धोका ७५ टक्क्यांनी वाढतो, असं तेव्हा मांडलं गेलं. '७५ टक्के धोका' लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, शंभरातले ७५ गेले. सगळा अर्थ त्या 'नी'मध्ये आहे. आणि पहिला गट म्हणजे पुरावा पक्का. तंबाखूइतकाच घातक असा त्याचा अर्थ नाही. तीही ओळ घाला.

साखरपेठकरीण: माझी भाची कोडासाठी डॉक्टरांकडे 'लाईट घ्यायला' जाते. तेही अतिनीलच ना? 'अतिनील दिव्यांनी कर्करोग' एवढंच वाचलं तर उद्यापासून जायची नाही.

शेंगाचटणी: हे सुचलंच नव्हतं. डॉक्टर मोजून देतात तो उपचार, ही हौस. मग शीर्षकातच घेते: 'हौसेखातर त्वचा रापवण्याची खाट'. लांबलं, पण भाची घाबरायची नाही.