मदत हवी आहे: जुनी भिंत आणि नवा स्लॅब यांच्या सांध्यातली गळती

जुनं दुमजली लोडबेअरिंग (भार भिंतींवरच असलेलं) घर, ९ इंची विटांच्या भिंती, जोडणी चुन्याची. मागे एकमजली आरसीसी खोली वाढवली आहे. जुना पाया स्थिरावलेला, नवा अजून बसणार. म्हणून डॉवेल (जोडणाऱ्या लोखंडी सळ्या) मारून दोन्ही बांधलेले नाहीत, मध्ये २५ मिमीचा सांधा सोडलाय. पायाचं आणि कॉलमचं काम इंजिनिअरने तपासलंय, त्याबद्दल शंका नाही.

अडलंय ते नव्या खोलीच्या छताच्या स्लॅबवर. सांध्यात बॅकर रॉड (फोमची दोरी) घालून वर पॉलियुरेथेन सीलंट (लवचिक भरण) भरलं. स्लॅबच्या बाजूला ते घट्ट आहे, जुन्या भिंतीवरून मात्र प्लास्टरच्या पापुद्र्यासकट सुटलं. कोपऱ्यात सिमेंटची गोलाई नको, हालचाल झाली की ती तडकणारच.

आता स्लॅबच्या कडेला १५० मिमी उंच कठडी आणि तिच्यावरून उतरणारा ॲल्युमिनियमचा पत्रा असा विचार आहे. पत्रा फक्त जुन्या भिंतीत अडकवायचा, खालची कड मोकळी. वरच्या खिडकीची चौकट स्लॅबपासून जेमतेम ३०० मिमीवर, त्यामुळे पत्रा आणखी वर नेता येत नाही. भिंतीचं प्लास्टर तेवढ्या पट्ट्यात काढता येईल.

पत्र्यासाठी २५ मिमीची खाच विटेत मारावी की थरांमधल्या चुन्यात? आणि ती कशाने भरली तर ठिसूळ वीट फुटणार नाही?