युनायटेडच्या इतिहासात सगळ्यात जास्त माती कुणी खाल्ली? माझं मत: सांचेझ

रात्रपाळी:
परवा एसटीत शेजारी बसलेल्या पोराच्या अंगात लाल टी-शर्ट बघितला आणि विषय निघाला. मँचेस्टर युनायटेडनं आणलेला सगळ्यात निराशा करणारा गडी कोण? मी एका दमात म्हणालो, ॲलेक्सिस सांचेझ. तो म्हणाला, अँटनी. औशापासून लातूरपर्यंत भांडत आलो, शेवटी कंडक्टर म्हणाला की उतरून भांडा. म्हणून इथं मांडायलोय.

आधी एक साफ करतो. फुसका गडी वेगळा आणि निराशा करणारा वेगळा. बेबेला २०१० मध्ये तेव्हाचे मॅनेजर फर्ग्युसनसाहेबांनी खेळताना न बघताच ७४ लाख पौंडांना आणलं, पोरगं सात सामने खेळलं. त्याच्याकडून कुणाला काय आस होती? गोलकीपर मासिमो ताइबी, १९९९. साउदॅम्प्टनच्या ल टिसिएचा सरपटी फटका त्याच्या हाताखालून, पायातून आरामात आत गेला आणि आठवडाभरानं चेल्सीनं पाच घातले. चार सामन्यांत दुकान बंद. त्याचा व्हिडिओ बघून आजही हसू येतं. राग नाही येत.

सांचेझचा येतो. आर्सेनलकडून १६६ सामन्यांत ८० गोल आणि दोन एफए कप. जानेवारी २०१८ मध्ये मँचेस्टर सिटीच्या तोंडचा घास आपण पळवला, बदल्यात आपला मखितार्यान देऊन टाकला. क्लबचा मानाचा ७ नंबर दिला. पियानोवर बसवून क्लबचं गाणं वाजवतानाचा व्हिडिओ काढला. क्लबात सगळ्यात जास्त पगार दिला. आणि हाती काय लागलं? ४५ सामने, ५ गोल.

तेव्हा मी बारावीला, हॉस्टेलला. १३ मार्चची मॅच, सेव्हिया, चॅम्पियन्स लीग. आपल्याकडं रात्रीचे सव्वा वाजलेले. पांघरुणात मोबाईल, एक इअरफोन माझ्या कानात, दुसरा रूमपार्टनरच्या, डेटा त्याचा. पहिली मॅच ०-० झालेली, म्हणजे घरच्या मैदानावर एक बरी रात्र पुरे होती. सांचेझ पूर्ण वेळ मैदानात. बॉल घ्यायचा, डावीकडून आत वळायचा आणि समोरच्याच्या पायात द्यायचा. परत घ्यायचा, परत तेच. मग ७४ व्या मिनिटाला बेन येडर, ७८ व्याला परत बेन येडर. लुकाकूनं एक फेडला, पण तोवर डेटाही संपला होता आणि आपणही. पार्टनर एकच वाक्य बोलला, "ह्याच्यासाठी जागायलोत का आपण?"

बोला आता.

देवणी_वळू:
भाऊ, माळेगावच्या जत्रेत बैल घेताना आधी तोंड उघडून दात बघतेत, मग खांदा बघतेत, मग चार पावलं चालवून बघतेत. शिंगं रंगवलेली बघून पैसे मोजणाऱ्याला अख्खा बाजार हसतो. सांचेझ आला तेव्हा २९ वर्षांचा. २०१४ चा वर्ल्ड कप, २०१५ ची कोपा (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा), २०१६ ची कोपा, २०१७ चा कॉन्फेडरेशन्स कप. चार उन्हाळे लागोपाठ जुंपलेला, एकदाही सुटलेला नाही. आणि त्या मोसमात आर्सेनलकडून लीगमध्ये सातच गोल होते त्याचे, आदल्या मोसमात २४. उतरण सगळ्यांना दिसत होती. आपण शिंगांचा रंग बघितला. बैलाला काय म्हणून शिव्या द्यायच्या?

गोदाकाठ:
देवणीशी अर्धा सहमत. मी पुढं जातो. निराशा गड्यानं केलीच नाही, क्लबानं केली. सोयाबीन उगवलं नाही की कंपनी म्हणते पेरणी चुकली, शेतकरी म्हणतो बियाणं बोगस. पण तेच बियाणं शेजारच्या रानात कमरेएवढं वाढलं, तर मग आपल्या रानाचं बघायला नको का?

डी मारियाचंच घ्या. २०१४ ला ५ कोटी ९७ लाख पौंड, तेव्हाचा ब्रिटिश विक्रम. चार गोल करून वर्षात पॅरिसला गेला. आपल्याकडं अजून त्याला पळपुटा म्हणतेत. त्याच माणसानं २०२१ ला कोपाच्या फायनलला गोल मारला, २०२२ ला वर्ल्ड कपच्या फायनलला मारला. मेंफिस डिपाय आपल्याकडं ५३ सामन्यांत ७ गोल, पुढं ल्योंचा कॅप्टन झाला. सांचेझ स्वतः इटलीत इंटरला जाऊन लीग जिंकला, २०२२ च्या सुपर कपला युव्हेंटसविरुद्ध शेवटच्या मिनिटाला गोल मारला. अँटनी स्पेनच्या बेटिसला गेला आणि चार महिन्यांत त्यांना युरोपातल्या फायनलला घेऊन गेला. सगळ्यांचं बियाणं बोगस होतं का?

बार्शीनाका:
एक जण बैल घेऊन आला, एक बियाणं. फुटबॉलवर कुणी बोलणार का रे?

रात्रपाळी:
@गोदाकाठ दादा, हे रानाचं गाणं मी लई ऐकलं. मग त्याच रानात ब्रुनो फर्नांडिस कसा उगवला? तोही जानेवारीतच आला होता, २०२० ला. झ्लाटान इब्राहिमोविच ३४ वर्षांचा असताना आला आणि पहिल्याच मोसमात २८ गोल मारले. देवणीचा दातांचा नियम तिथं कुठं गेला?

आणि सांचेझनंच नंतर सांगितलं होतं की पहिल्या ट्रेनिंगनंतर घरी जाऊन त्यानं एजंटला विचारलं, करार फाडून आर्सेनलला परत जाता येईल का? पहिल्या दिवशी! आपल्याकडं लग्न मोडायलाही पाचपरतावण होईपर्यंत थांबतेत.

गोदाकाठ:
हेच तर म्हणायलोय मी. ड्रेसिंग रूममध्ये पहिल्या दिवशी पाऊल ठेवलेल्या परक्या माणसाला कळलं की इथं काहीतरी कुजलंय. तुम्हा-आम्हाला कळायला अजून पाच वर्षं लागली.

सिडको_एन_सात:
मुलांनो, तुमचा इतिहास २०१३ नंतर सुरू होतो का? फर्ग्युसन असताना सगळं सोनं होतं असं समजू नका. व्हेरॉन आठवा. २००१, इटलीच्या लात्सिओकडून २ कोटी ८१ लाख पौंड, तोही तेव्हाचा ब्रिटिश विक्रमच. मी तेव्हा औरंगाबादला, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. मुलींच्या हॉस्टेलच्या टीव्हीवर मालिकांच्या वेळेत मॅच लावायची म्हणजे आख्ख्या मजल्याशी वैर. ते पत्करून मी व्हेरॉन बघितलाय.

त्याचा उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूनं मारलेला पास बघितला की वाटायचं, हा माणूस मैदान वरून बघतोय. पण त्याच मैदानात कीन होता, स्कोल्स होता. त्या दोघांची जागा ठरलेली, मग याला कधी इकडे, कधी तिकडे. युरोपात वेळ मिळायचा तिथं चमकायचा. लीगमध्ये मान वर करायच्या आत अंगावर माणूस. दोन वर्षांनी चेल्सीला १ कोटी ५० लाखाला विकला. पत्रकारांनी त्याच्यावर टीका केली तर फर्ग्युसन त्यांच्यावर अशा शब्दांत उखडले की ते इथं लिहिता यायचे नाहीत.

माझ्या मते निराशा ही. सांचेझचा तुम्हाला राग येतो, व्हेरॉनचं मला वाईट वाटतं. दोन्हीत फरक आहे.

रात्रपाळी:
ताई, व्हेरॉनला २००३ चं लीग मेडल तरी मिळालं. सांचेझला काय?

सिडको_एन_सात:
मेडल म्हणजे समाधान नव्हे. त्या मोसमाचे शेवटचे दोन महिने तो जवळपास बाहेरच होता.

ॲनफिल्डचा_पाहुणा:
तुमच्या घरची भांडणं वाचायला लई मजा यायलीय. चालू द्या, मी शेंगदाणे घेऊन बसलोय.

देवणी_वळू:
लिव्हरपूलच्या पाहुण्यांना पाणी द्या. आणि त्यांच्या अँडी कॅरोलचा फोटो दाखवा. जानेवारी २०११, साडेतीन कोटी पौंड, लीगमध्ये सहा गोल.

ॲनफिल्डचा_पाहुणा:
त्याच दिवशी सुआरेझही घेतला होता मालक. एक गेला, एक लागला. तुमचे सगळेच गेले.

बार्शीनाका:
सगळे पोग्बाचं नाव घ्यायला का घाबरायलेत? २०१२ ला फुकट सोडला, २०१६ ला ८ कोटी ९० लाखाला परत आणला, तेव्हा जगातली सगळ्यात मोठी रक्कम, आणि २०२२ ला परत फुकट सोडला. आपलंच म्हसरू आपण जत्रेतून विकत आणलं (मलाही जनावरच सुचलं, माफी) आणि सहा वर्षं चारा घालून वेशीबाहेर सोडून दिलं. फ्रान्सच्या जर्सीत वर्ल्ड कपच्या फायनलला गोल मारणारा माणूस आपल्या जर्सीत चालत होता. पळत नव्हता, चालत होता. सांचेझनं दीड वर्ष वाया घालवलं, ह्यानं सहा.

रात्रपाळी:
पोग्बावर मी गप बसणार नाही. एप्रिल २०१८, सिटीचं मैदान. ते जिंकले असते तर आपल्या नाकावर टिच्चून चॅम्पियन झाले असते. हाफटाइमला ०-२. दोन मिनिटांत पोग्बाचे दोन गोल, शेवटी ३-२. युरोपा फायनललाही पहिला गोल त्याचाच. ज्यानं एक तरी अशी मॅच दिली, तो यादीत वर कसा?

गोदाकाठ:
थांब थांब. त्या मॅचला पोग्बाचा दुसरा गोल कुणाच्या पासवर? सांचेझच्या. स्मॉलिंगचा तिसरा कुणाच्या फ्रीकिकवर? सांचेझच्या. तुझ्या आयुष्यातल्या सगळ्यात गोड मॅचचे तीनातले दोन गोल त्यानं वाढून दिले आणि तू त्यालाच यादीत एक नंबरला बसवलास. त्याच महिन्यात एफए कपच्या सेमीफायनलला टॉटनहॅमविरुद्ध त्याचा हेडर. ऑक्टोबरला न्यूकॅसलविरुद्ध ०-२ वरून ३-२, शेवटचा गोल त्याचाच. विसरलास का सोयीनं?

रात्रपाळी:
(अर्ध्या तासानं) बघून आलो. पासचं खरंय. विसरलो नव्हतो, हिशोबात धरलं नव्हतं.

पण मत तेच. पाच गोलांतले दोन मला आठवायला तुझी मदत लागली, ह्यातच सगळं आलं.

आमखास:
उशिरा आलो. मी रोज संध्याकाळी पोरांना खेळवतो, त्यामुळं माझं थोडं वेगळं.

दिएगो फोरलानवर शिक्का मारायची लोकांना किती घाई झाली होती. जानेवारी २००२ ला आला, पहिला गोल यायला २७ सामने लागले, तोही पेनल्टी. तेव्हा आजच्यासारखे रील्स असते तर पोराचं जगणं मुश्किल केलं असतं. मग साउदॅम्प्टनविरुद्ध शेवटी शेवटी गोल मारला, आनंदात शर्ट काढला, आणि तो परत अंगात जाईना. मॅच सुरू झाली तरी हा उघडा, शर्ट हातात धरून बॉलमागं पळायलाय. महिन्याभरानं ॲनफिल्डवर दोन गोल. (पाहुणे, तुमच्या कीपर डुडेकनं सोडलेला तो बॉल आठवतो का?)

९८ सामन्यांत १७ गोल, आकडा भिकारच. पण आपल्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर अजून त्याचं नाव निघालं की लोक हसून बोलतेत. पुढं स्पेनमध्ये दोनदा लीगचा सर्वाधिक गोल करणारा झाला, २०१० च्या वर्ल्ड कपचा सर्वोत्तम खेळाडू झाला, आणि २०१६ ला आपल्या मुंबई सिटीकडूनही खेळून गेला.

मॅग्वायरचं तेच. ८ कोटी पौंड, कॅप्टनकी दिली, काढून घेतली, जगभर टिंगल. दुसरा कुणी असता तर पहिल्या गाडीनं गेला असता. हा बाकावर बसला. एप्रिल २०२५ ला ल्योंविरुद्ध एक्स्ट्रा टाइमच्या अगदी शेवटी हेडर मारून ५-४ केलं. माझ्या मैदानावर रोज असं एक पोरगं असतं, बॉल त्याच्या पायाखालून जातो, बाकीचे हसतात आणि दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी येऊन थांबतं. म्हणून मला विचाराल तर गोल मोजू नका. मान खाली घालून राबला की नाही ते बघा. त्या मापानं अँटनीही सुटतो. कमी पडला, पण पळायचा.

बार्शीनाका:
सर, अँटनी पळायचा नाही, गोल फिरायचा. शेरीफसारख्या टीमविरुद्ध बॉलभोवती भिंगरी मारून पुढं बॉल थेट बाहेर. ८ कोटींवर पौंडांची भिंगरी.

आमखास:
ते मात्र मी पोरांना दाखवत नाही.

देवणी_वळू:
सरांच्या मापानं सांचेझ कुठं बसतो मग? तो तर राबायचा. आर्सेनलला त्याला बाहेर काढलं की चिडायचा, सुट्टी नको म्हणायचा.

आमखास:
राबायचा, पण आपल्याकडं आल्यावर रोज जाळीत उडी मारणाऱ्या चिमणीसारखा राबला. मी त्याला पहिल्या तिघांतही धरणार नाही. डी मारियाला धरीन. लेस्टरला कीपरच्या डोक्यावरून जी अलगद चिप मारली, तेवढं ज्याला येतं, त्यानं चारच गोल करून जावं?

सिडको_एन_सात:
ती मॅच आपण ३-१ पुढं असून ५-३ हरलो हो. आणि त्या हिवाळ्यात घरी बायको-मुलगी असताना त्याच्या घरावर चोरांनी हल्ला केला. त्यानंतर त्याचं मन शहरातून उडालं, हे मी तरी समजू शकते.

आमखास:
ताई, ते मी मोजलंच नव्हतं. डी मारिया मागं घेतो.

गोदाकाठ:
चला, एक जण तरी सुटला. @रात्रपाळी, तुझं काय? अजून सांचेझच?

रात्रपाळी:
अजून सांचेझच. खरं कारण सांगतो, आता लपवून काय उपयोग. त्या जानेवारीत मी मेसच्या पैशांतून गंजगोलाईत ७ नंबरचा डुप्लिकेट शर्ट घेतला होता. पाठीवर नाव छापायचे वेगळे पैसे. छापणाऱ्यानं नावात झेडच्या जागी एस घातला आणि म्हणाला, लांबून कळत नाही. तीन आठवडे एक वेळ वडापाववर काढले.

बार्शीनाका:
आता कळलं. हा फुटबॉलचा नाही, मेसचा राग आहे. शर्ट आहे का अजून?

रात्रपाळी:
आहे ना. वडील फवारणीला घालतेत. परवा म्हणाले, लई टिकला, असलाच अजून एक आण.