शाळेत काउन्सेलर ठेवणं आता कायद्याने बंधनकारक आहे का? (ऐरोली)

ऐरोलीची_आई
मुलगी नववीत आहे, खासगी शाळा, स्टेट बोर्ड. परवा ग्रुपवर सर्क्युलर आलं की अमुक मॅडम आजपासून "विद्यार्थी समुपदेशक". आता या मॅडम कॉम्प्युटर शिकवतात आणि प्रॅक्टिकलचे मार्क त्याच देतात. लेक म्हणते मी त्यांना काही सांगितलं तर शाळा सुटायच्या आत स्टाफरूमला कळेल. त्यात आमच्याकडे सहामाहीच्या मार्कांवरून तुकड्या बदलतात, अ मधून क मध्ये टाकलेली पोरं मान खाली घालूनच फिरतात. तिच्या वर्गातली एक मुलगी तर दिवाळीनंतर आलेलीच नाही, शाळा म्हणते "तब्येत", बाकी कोणी काही बोलत नाही.

सुप्रीम कोर्टाने काहीतरी सांगितलंय असं वाचलं होतं, ते फक्त कोटाच्या क्लासवाल्यांसाठी आहे की आपल्या शाळांना पण लागू आहे? मीटिंगमध्ये विचारलं तर वेगळा माणूस ठेवला तर फी वाढेल म्हणाले, सगळे गप्प.

कळव्याचा_वकील
ताई, लागू आहे. २५ जुलै २०२५ चा निकाल, सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश, न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता. केस विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या मुलीच्या मृत्यूची होती पण निर्देश शाळा, कॉलेज, कोचिंग, हॉस्टेल सगळ्यांना आहेत. संसदेने वेगळा कायदा अजून केलेला नाही, म्हणून कोर्टाने १५ निर्देश दिले आणि कायदा होईपर्यंत हेच बंधनकारक असं स्पष्ट म्हटलं. त्यामुळे "कायदाच नाही" हे शाळेचं उत्तर चालत नाही.

तुमच्या कामाचं म्हणजे १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर हवा आणि त्याचं मुलांच्या मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग झालेलं असलं पाहिजे, तसं दाखवता आलं पाहिजे. तेव्हा मॅडमचं ट्रेनिंग काय, कुठून केलं, एवढंच लेखी विचारा. तुकड्यांबद्दल कोर्टाने "शक्यतो" असा शब्द वापरलाय, मार्कांवरून वेगळं बसवू नका आणि चारचौघांत लाज काढू नका, त्यामुळे शाळेला तिथे थोडी पळवाट आहे हे खरं. पण टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर वर्गात आणि वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लावा यात पळवाट नाही. तो लागलाय का बघा आधी, त्यावरून शाळेने ऑर्डर वाचलीय की नाही ते कळतं.

फीचं म्हणाल तर महाराष्ट्रात २०११ चा फी नियमन कायदा आहे, खासगी शाळेची फी पालक शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जावीच लागते. त्यामुळे वाढेल म्हणत असतील तर हिशोब समितीत मांडा म्हणावं, तोंडी धमकी कशाला.

वर्तकनगर_टीचर
मी ठाण्यातल्याच एका शाळेत शिकवते, नाव नाही सांगत. आमच्याकडे खराखुरा काउन्सेलर आहे, एमए सायकॉलॉजी झालेली चांगली मुलगी. तिला काय काम देतात माहितीये, प्रॉक्सी पिरियड, परीक्षेला सुपरव्हिजन आणि गॅदरिंगचं अँकरिंग! केबिन ऑफिसच्या समोर, काचेची. मधल्या सुट्टीत कोण आत गेलं ते अख्ख्या मजल्याला दिसतं, मग कोण जाणार सांगा. म्हणून ताई फक्त माणूस ठेवा एवढंच मागू नका, बसायची जागा आडोशाला द्या आणि मार्क देणाऱ्या माणसाला हे काम देऊ नका हेही लिहा.

आणि त्याच निकालात स्टाफला वर्षातून दोनदा ट्रेनिंग आहे, टीचिंग नॉनटीचिंग दोन्ही. आमचं ट्रेनिंग म्हणजे जूनमध्ये एक पीपीटी. खरं तर शिपाईमावशींना आमच्याआधी कळतं कोण डबा तसाच परत नेतं, कोण बाथरूममध्ये रडतं, पण त्यांना कोणी विचारतच नाही.

घणसोली_सेक्टर७
हे सगळं फायलीत होईल बघा. इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी बोर्ड लागेल. आणि एक कडू बोलतो, ओपन हाऊसला आपला पहिला प्रश्न काय असतो? हायेस्ट किती! आठवीपासून टेस्ट सिरीज आपणच लावतो, मग काउन्सेलर काय जादू करणार.

कळव्याचा_वकील
दादा पालकांचं पटलं, त्यासाठी पालकांचे कार्यक्रम घ्या असंही निकालात आहे. पण तेवढ्याने शाळेची जबाबदारी संपत नाही ना. एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या आकड्यात देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येने गेलेत, राज्यांत आपला महाराष्ट्र सगळ्यात वर. हे फक्त हायेस्ट किती विचारणाऱ्या घरांतलं नाही.

अजून एक, पुष्कळ प्रकरणं पोलीस केसच्या भीतीने दाबली जातात. ती भीती जुनी आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती प्रचंड ताणाखाली होती असंच धरतात, शिक्षा करत नाहीत, उलट तिची काळजी घेणं सरकारवर आहे. आणि अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेचं कलम ३०९ तर नव्या भारतीय न्याय संहितेत घेतलेलंच नाही. त्यामुळे "पोराचं रेकॉर्ड खराब होईल" म्हणून दवाखान्यात न्यायला कोणी घाबरत असेल तर हे सांगा.

खारघर_वाला
निकालात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती पण आहे ना, तक्रारीसाठी? मग आमचे कलेक्टर अलिबागला. सगळे नवी मुंबई म्हणतात पण खारघर रायगड जिल्ह्यात, अर्ज ठाण्याला टाकलात तर फिरत बसेल. ऐरोलीचं मात्र ठाणेच.

ऐरोलीची_आई
थँक्यू सगळ्यांना. नंबर शोधला, वर्गात नाहीये आणि वेबसाइटवर पण नाही. चार पालक सही करायला तयार आहेत. पण त्या मुलीचं काय करू? तिच्या आईशी माझी नुसती ओळख आहे, गेटवर भेटायचो. विचारलं तर नाक खुपसल्यासारखं होईल का?

वर्तकनगर_टीचर
होऊ दे झालं तर. शाळा, मार्क काही काढू नका, "बरेच दिवस दिसली नाही, लेक आठवण काढते, येऊ का भेटायला" एवढंच. तुमची लेक तिला मेसेज करत असेल तर वह्या पुऱ्या करायचं वगैरे नको, इकडचं तिकडचं बोलू दे. आणि मुलगी जगण्याबद्दल काही वेडंवाकडं बोलली तर "कोणाला सांगू नकोस" असं वचन लेकीने द्यायचं नाही, लगेच मोठ्यांना सांगायचं, हे तिला आधीच समजावून ठेवा. १४४१६ टेलिमानस, चोवीस तास, फुकट आणि मराठीत बोलतात, तिच्या आईलाही लावता येतो. समोरासमोर बोलायचं असेल तर ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, नाहीतर प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी. मनोरुग्णालय नाव ऐकून लोक बिचकतात, पण तिथे डॉक्टर आहेत हो.

कळव्याचा_वकील
पत्रात त्या मुलीचा उल्लेख अजिबात नको, नाव तर नाहीच, "एक विद्यार्थिनी" सुद्धा नको, नववीत सगळ्यांना कळतं कोण ते. दोन प्रती करा आणि ऑफिसच्या शिक्क्याची पोच घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा.