पोस्ट टाकून मोर्चा होत नाही

सुरगाणेकर
काल इथं एकानं लिहिलं, २०१८चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च ‘खरं तर सोशल मीडियानं जिंकला’, यापुढची आंदोलनं फोनवरच होतील. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

६ मार्चला माणसं नाशिकहून निघाली, १८० किलोमीटर चालली. ११ तारखेला सोमय्या मैदानावर मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर, पोरांची अडचण नको, म्हणून रात्रीतच उठून आझाद मैदान गाठलं. आमच्या पाड्यावरच्या मावशी त्यात होत्या. तळपायाची कातडी सोलवटलेली, त्यावर लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं. असल्या पायांचे फोटो तुम्ही शेअर केलेत. १२ मार्चला लेखी आश्वासन मिळालं आणि तुमचा विषय संपला. वनपट्ट्यांच्या, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर करण्याच्या दाव्यांचं पुढं काय झालं, कुणी विचारलं? २०१९ला परत निघावं लागलं. २०२३ला परत, दिंडोरीहून वाशिंदपर्यंत. तेव्हा लाइकवाले कुठं होते?

गोरेगाव पूर्व
राग समजू शकते, पण मुंबईत रस्त्याच्या कडेला पाणी, बिस्किटं, चपला घेऊन लोक उभे होते, त्यांना कळलं कुठून? फोनवरूनच. मीही उभी होते. आणि गोरेगावच्या आरेचं काय? मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं तोडण्याच्या प्रस्तावावर महापालिकेकडे ८० हजारांवर हरकती गेल्या, त्यातल्या कितीतरी ईमेलनं. ४ ऑक्टोबर २०१९ला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. लोक धावत पोचले ते मेसेज बघूनच. २९ जणांना अटक झाली. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयानं ७ तारखेला तोड थांबवली. घरात बसून हे झालं नसेल, पण फोनशिवायही झालं नसतं.

सुरगाणेकर
तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. ८० हजार हरकती, आणि रात्री पोलिसांसमोर उभे राहिलेले किती? माझा मुद्दा तोच आहे.

तळकोकण
मोर्चे राहू द्या, गावातलं बघा. आमच्या गावच्या ग्रुपवर रस्त्याच्या कामावरून रात्रभर रणधुमाळी. डांबर हातानं उखडतंय, व्हिडिओ टाकले, ‘ठेकेदाराला सोडायचं नाही’. सकाळी ग्रामसभेला मोजकी डोकी. गणपूर्तीला, म्हणजे सभेच्या किमान हजेरीला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. तेवढेही जमले नाहीत. सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही! ठेकेदाराचे भाऊबंद आले, हात वर केले, सगळे विषय मंजूर.

सुरगाणेकर
वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी हजेरी लागते. आमच्याकडे लोक मजुरी बुडवून बसतात.

ठाणेकर चाकरमानी
तळकोकण, हजेरी कमी पडली की नेहमी आम्हा चाकरमान्यांनाच बोल. १ मेच्या सभेसाठी रजा टाकून, गाडीत उभं राहून यायचं आणि सभा तहकूब? विधानसभेचं कामकाज घरबसल्या दिसतं, मग ग्रामसभा मोबाइलवर का नको? घरपट्टी आम्हीही भरतो.

राजापूरची सून
घरपट्टी भरता, पण मतदार यादीत नाव ठाण्याला. गणपूर्ती मतदारांवर मोजतात. आणि सभेचं एवढं बोलताय, महिला सभेचं कुणीच काढलं नाही. ग्रामसभेआधी ती घ्यायची असते. आमच्याकडे शिपाई रजिस्टर घेऊन दारोदार फिरायचा, ‘वहिनी, इथं सही करा’. मी सही केली नाही. माहिती अधिकारात त्या रजिस्टरची प्रत मागितली. १५० शब्द, एकच विषय, दहा रुपयांचा स्टॅम्प. ग्रुपवर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांना म्हटलं, अर्जावर नाव टाका. एक जण पुढं आला नाही. ‘उगाच वाकड्यात कशाला शिरायचं?’ हेच उत्तर. पुढं माझ्या घरच्या नळाचं पाणी महिनाभर ‘दुरुस्तीसाठी’ बंद. ते मी कुठल्याही ग्रुपवर टाकलं नाही, पंचायतीत जाऊन भांडले.

ठाणेकर चाकरमानी
देवळाचं छप्पर आमच्या पैशानं झालं, तेव्हा कुणी मतदार यादी काढली नाही!

तळकोकण
देऊळ आणि ग्रामपंचायत यांची गल्लत करू नकोस. वर्गणी दिली म्हणून ठरावाला हात वर करायचा हक्क मिळत नाही.

ठाणेकर चाकरमानी
मग गणपतीला पावतीपुस्तक घेऊन आमच्या दारात येऊ नका.

गोरेगाव पूर्व
भांडण कुठून कुठं गेलं! राजापूरच्या ताई, तुम्ही केलंत ते आम्हा बऱ्याच जणांच्या हातून होणार नाही, हे मानते. पण अर्ज कसा लिहायचा हे शिकलात कुठं?

राजापूरची सून
यूट्यूबवर. ते कबूल. पण खिडकीवर पोच मागितली, तेव्हा ‘साहेब नाहीत’ हे मलाच ऐकावं लागलं. पोच घेतल्याशिवाय हलले नाही.

सुरगाणेकर
पाणी, चपला मिळाल्या हे मावशीही सांगतात, मी नाकारत नाही. पण ‘सोशल मीडियानं जिंकला’ हे वाक्य मागं घ्या. दाव्यांची सुनावणी अजून चालू आहे. ज्यांनी पायांचे फोटो टाकले, त्यांनी आता उपविभागीय कार्यालयात आमच्याबरोबर एक दिवस बसावं.

ठाणेकर चाकरमानी
वाक्य माझं नव्हतं. सुनावणीची तारीख टाका, शनिवार-रविवार सोडून असेल तरी बघतो. पण गावच्या यादीत नाव मी आणणार नाही, मुलांच्या शाळा इथं आहेत. आणि ऑनलाइन ग्रामसभेची मागणीही सोडणार नाही.