सातव्या महिन्यात फ्लूची लस : कुणी घेतली आहे का?

नमस्कार मैत्रिणींनो, मदत हवी आहे.

मी पुण्यात राहते, सातवा महिना सुरू आहे. डॉक्टरांनी फ्लूचं इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. सासूबाई म्हणतात, पोटात बाळ असताना नसती औषधं कशाला? त्यांची काळजी मला कळते, पण २००९ चा स्वाइन फ्लू पुणेकर कसा विसरेल! गरोदरपणात फ्लू झाला तर तो जास्त जोर धरतो, छातीत उतरतो, हेच मला घाबरवतं.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं : इंजेक्शनमधली लस निष्क्रिय विषाणूची असते, तिच्यामुळे फ्लू होत नाही. नाकात फवारायची लस जिवंत विषाणूची, ती गरोदरपणात देत नाहीत. आणि मला सगळ्यात पटलेला मुद्दा म्हणजे, बाळाला सहा महिन्यांचं होईपर्यंत ही लस देताच येत नाही. तोवर आईकडून नाळेतून मिळालेली प्रतिकारशक्तीच त्याच्या कामी येते. धनुर्वाताचं इंजेक्शन आपण सगळ्या घेतोच ना, मग याचीच एवढी भीती का?

माझ्या जाऊबाईंचं बाळ चार महिन्यांचं आहे, अंगावर पितं. स्तनपान चालू असताना ही लस चालते, असं त्यांनाही सांगितलंय.

तुमच्यापैकी कुणी घेतली असेल तर कृपया सांगा : कितव्या महिन्यात घेतली? हात दुखणं, कणकण किती दिवस राहिली? सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांना मोफत मिळते का, की खासगीतच घ्यावी लागते? आणि घरच्या मोठ्यांना कसं समजावलंत? पुढच्या तपासणीच्या आधी ठरवायचं आहे.