विषय: बेळगावची गाडी, सेन्सर दोन्ही बदलले तरी गिअर अडकतोय

मंडळी, नमस्कार.

सुट्टीला बेळगावात आलोय, टिळकवाडीत घरी. मंडळाच्या कामाचा हा विषय नाही, पण आपल्यात गिअरबॉक्सवरच आयुष्य काढलेले शहापूरचे काका आहेत, म्हणून इथेच लिहितोय.

बाबांची गाडी ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली, अकरा वर्षं झाली. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना क्लच दाबवत नाही, म्हणून हीच एक गाडी ते चालवू शकतात. खानापूरच्या पुढं शेत आहे, आठवड्यातून दोनदा जाणं असतंच. गेल्या महिन्यात जांबोटीहून येताना चढावर गाडी तिसऱ्यातच अडकली, 'डी'चा दिवा मिचमिचायला लागला. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली की बरी. सकाळी थंड असताना काही नाही, तास-दीड तास चालली की सुरू.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, पी०७२० हा कोड आला, आउटपुट स्पीड सेन्सर (गिअरबॉक्समधून बाहेर जाणारा वेग मोजणारा) बदलला. आठवड्यात परत तेच, मग इनपुटचाही (आत येणारा वेग मोजणारा) बदलला. आता अडकणं आहेच, वर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना असा धक्का बसतो की मागे बसलेल्या आईचा हात आपसूक पुढच्या सीटला जातो. आता म्हणतात, टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर, बदलू. पैशाचं एक असो, मला भीती चोर्ला घाटाची आहे. काका, काय करू?

तुमचा,
टिळकवाडीचा

---

अरे बाळा,

टीसीएम अजिबात बदलू देऊ नकोस. आधी हे वाच.

कोड बिघडलेल्या पार्टचं नाव सांगत नाही, सर्किटचं सांगतो. पी०७२० म्हणजे आउटपुट स्पीडचा सिग्नल नीट येत नाही, एवढंच. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, प्लग आहे, वायर आहे, अर्थिंग आहे आणि शेवटी टीसीएम. सेन्सर सोपा म्हणून सगळे आधी तोच बदलतात. सिग्नल तुटला की टीसीएमला गाडीचा वेग कळत नाही. मग गिअरबॉक्स वाचवायला तो एकाच गिअरवर गाडी ठेवतो, बऱ्याच गाड्यांत तिसऱ्या. याला लिंप मोड म्हणतात. बंद-चालू केल्यावर बरी होते, गरम झाल्यावर परत बिघडते, म्हणजे माझा पहिला संशय प्लगवर आणि वायरवर. खानापूर-जांबोटीचा पाऊस तुला सांगायला नको. गिअरबॉक्सच्या कुशीतला प्लग चार महिने चिखलपाण्यात असतो.

प्लग काढून उजेडात धर. पिनांवर हिरवट थर आहे का, आत तेल उतरलंय का, रबरी सील जागेवर आहे का, आणि मुख्य म्हणजे एखादी पिन मागे सरकली आहे का, बघ. अशी पिन फसवते. प्लग बसल्याचा 'टक्' आवाज येतो, पण पिन टेकलेली नसते. सेन्सर दोन वायरचा असला तर टीसीएमच्या टोकापासून ओहम मोज आणि कुणाला तरी वायर इंच-इंच हलवायला सांग. आकडा उडाला की जागा सापडली. तीन वायरचा असला तर ओहम मोजू नकोस, तो बहुधा हॉल सेन्सर, म्हणजे बाहेरून सप्लाय लागणारा. त्याला सप्लाय व्होल्टेज आणि अर्थिंग बघायचं. वायर ब्रॅकेटला घासते का, तिथं बोट फिरवून बघ, डोळ्याला दिसत नाही.

मग स्कॅनरवर कोड पुसायच्या आधी फ्रीज फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाचे आकडे, लिहून घे. पुसलं की पुरावा गेला. गाडी चालवताना इनपुट आणि आउटपुटचे फेरे शेजारी शेजारी बघ. एका गिअरमध्ये, एका वेगात त्यांचं गुणोत्तर हलता कामा नये. आउटपुट क्षणात शून्यावर पडून परत आला तर वायर. दोन्ही आकडे नीट येतात पण गुणोत्तर सावकाश सरकतं, तर आत क्लच घसरतोय; त्याला सहसा पी०७३०, म्हणजे गुणोत्तर चुकल्याचा कोड, येतो. मग तो वेगळा आजार.

धक्का मात्र दुसऱ्या दुरुस्तीनंतर सुरू झाला, म्हणून तो पहिल्या तक्रारीशी जोडू नकोस. सेन्सर काढताना तेल सांडतं. किती सांडलं, किती भरलं, आणि कुठलं भरलं, हे विचार. डिपस्टिक असेल तर गाडी सपाट जागी, गिअरबॉक्स चांगला गरम, इंजिन चालू, ब्रेक दाबून लीव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून 'पी'त आणायचा, मग बघायचं. थंड बघितलेली पातळी खरी नसते. तेल कमी असलं की पंप हवा ओढतो आणि प्रेशर बसत नाही. त्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच तेल घाल, दुसरं 'चालतंय' म्हणून नको. एवढं सगळं झाल्यावरच स्कॅनरने अ‍ॅडाप्टेशन रीसेट कर, कारण टीसीएमने चुकीच्या सिग्नलवर क्लचची वेळ शिकून ठेवलेली असते.

उद्यमबागेत हायड्रॉलिकची कामं करणारी मंडळी आहेत. शेवटी गरज पडलीच तर लाइन प्रेशर, म्हणजे गिअरबॉक्समधल्या तेलाचा दाब, मोजायला गेज तिथं मिळेल.

शहापूरचा काका, मस्कत

---

काका,

काल सकाळी गाडी रॅम्पवर घेतली. प्लगवर गंज नव्हता, सीलही होतं. पण तुम्ही म्हणालात तसंच, एक पिन दोन मिलिमीटर मागे गेलेली, पहिल्या सेन्सरच्या वेळीच ढकलली गेली असावी की आधीपासून होती, सांगता येत नाही. वायर हलवली तर मीटर एकदम अनंतावर, म्हणजे सर्किट तुटतंय. शिवाय ब्रॅकेटखाली वायरचं वरचं आवरण घासून गेलेलं, आत तांबं दिसत होतं. पिन बदलली, वायर नवी जोडून वेगळ्या वाटेने नेली आणि बांधली.

तेल गरम असताना डिपस्टिकच्या खालच्या खुणेच्याही खाली होतं. पुस्तकातलंच तेल मागवून अर्धा लिटरपेक्षा जास्त घालावं लागलं. रीसेट करून अनगोळ-वडगावकडून दोन चकरा मारल्या. दुसऱ्यातून तिसऱ्यात आता कळतही नाही. अजून चढ बघितलेला नाही.

बाबा बाजूला बसून म्हणाले, "आता धक्का नाही देत की रे." रविवारी त्यांनाच स्टिअरिंगवर बसवून जांबोटीला जातोय, मी शेजारी मीटर आणि स्कॅनर घेऊन. आल्यावर आकडे लिहून पाठवतो.

टिळकवाडीचा